मिशीवाली मरळ

नानांच्या डोहात मी मांगूर सोडले. पुरात वाहून आले नाहीत, कुणाच्या हातून निसटले नाहीत, मी सोडले. डब्याला हार घालून, नारळ फोडून, वर एक छोटंसं भाषण करून सोडले. फोटोही काढला.

मांगूर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, कारण त्या दिवशी मलाही माहीत नव्हतं. काळा, बुळबुळीत, मिशाळ असा परदेशी मासा. आपल्याकडं तो पाळायलाही बंदी आहे. चिखलात जगतो, घाणीत वाढतो, आणि ज्या पाण्यात पडेल तिथलं तोंडात मावेल ते गिळतो. नाना त्याचं वर्णन त्यांच्या पद्धतीनं करायचे. "तिकीट न काढता बसायचं, आन् शेजारच्याची शिदोरी बी खायाची."

नाना एसटीत कंडक्टर होते. मी त्यांचा भाडेकरू. येरमाळ्याकडच्या एका गावात मी शाळेत चित्रकला शिकवायचो, आणि चित्रकलेच्या मास्तरला गावात जी जास्तीची कामं लागतात तीही करायचो. लग्नाच्या भिंती रंगवायच्या, सत्काराच्या पाट्या लिहायच्या, हार कुणाला आधी आणि कुणाला नंतर हे माइकवरून सांगायचं. गावात कुणाचाही वाढदिवस माझ्या भाषणाशिवाय पार पडत नसे. याचा मला अभिमान होता. पुढचं सगळं त्या अभिमानातून झालं.

खोली बघायला गेलो तेव्हा नानांनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, बायको कधी येणार हेही विचारलं नाही. ओसरीवर बसल्या बसल्या त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "कपड्याला काय लावता?"

"साबण."

"वडी का पावडर?"

"पावडर."

"मग खोली न्हाय."

नानी आतून ओरडल्या, "आवं, मास्तर हायेत ते! बसा तरी म्हना!" पण नाना ढळले नाहीत. त्यांच्या मोरीचं पाणी पाटातून ओढ्याला जायचं आणि ओढ्याचं डोहाला. पावडरीच्या फेसानं बारकी मासोळी उलटी होते, असं त्यांचं म्हणणं. मी वडी वापरायचं कबूल केलं, तेव्हा खोली मिळाली. पुढं महिनाभर नाना माझ्या धुण्याच्या बादलीत बोट बुडवून वास घेत. दुसऱ्याच्या बादलीत बोट घालायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांना कधी वाटलंच नाही. आयुष्यभर लोकांच्या पिशव्यांवरून पाय टाकत फिरलेला माणूस.

निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारवाल्याकडून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा मिळवला होता. तो कायम हातात. बोलताना टक टक, विचार करताना टक टक, आणि राग आला की एकदम शांत. सगळे घाबरायचे ते या शांततेला. लग्नाच्या मांडवातही ते अगदी शेवटच्या रांगेत बसत. "मागनं सगळी गाडी दिसती," म्हणत. कुणी मानानं पुढं बोलावलं तर सरळ उठून घरी जात.

आता ओढा. बालाघाटाच्या उतारावरून उतरणारा, गावाबाहेरचा, नकाशात शोधू नये इतका लहान. पावसाळ्यात रुबाब करतो, दिवाळीनंतर बारीक होतो, शिमग्याला तुटतो. मग एका खडकाच्या बेचक्यात, करंजीच्या सावलीत, एक डोह तेवढा उरतो. नानांची जमीन त्या डोहाला लागून. वरच्या अंगाचे, खालच्या अंगाचे सगळे मासे पाणी आटेल तसे त्या डोहात येऊन थांबतात आणि ओढा पुन्हा वाहिला की तिथूनच पांगतात. नाना डोहाला डेपो म्हणायचे.

"पावसाळ्यात कुनी वर जातंय, कुनी पार नदीपतोर जातंय. पर मुक्काम हितंच. डेपो बंद पडला तर पुढल्या साली गाड्या सुटनार कुठनं?" हे ते प्रत्येकाला सांगत. ज्यानं विचारलं नाही त्यालाही सांगत.

त्यांनी माझ्याकडून ओढ्यासाठी पाट्या रंगवून घेतल्या. डोहाच्या बऱ्याच खाली 'म्हशींचा थांबा', त्याच्याही खाली 'धुण्याचा थांबा', आणि डोहावर नुसतं 'डेपो. आत जाण्यास मनाई'. मी हौसेनं शेवटच्या पाटीवर एक मासा काढला. नानांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "ह्याला पापन्या कशाला?" मी म्हटलं, सौंदर्यासाठी. पुढं काय होणार याची सूचना मला तिथंच मिळायला हवी होती.

नानांना कुणी साधुपुरुष समजू नये म्हणून हेही सांगितलं पाहिजे, की ते मासे खात. नानी माळकरी, त्यामुळं घरात भांडं चालत नसे. दिवाळी उलटली की नाना डोहावर गळ टाकून बसत, एक मरळ धरत, शेतात तीन दगड मांडून स्वतः शिजवत आणि ज्वारीच्या भाकरीशी खात. एकच. वर्षातून एकदा. मी एकदा विचारलं, "नाना, एवढं जपता आणि खाताही?" तर म्हणाले, "खायचंय म्हून तर जपतो. आवडत नसतं तर कशाला उन्हात बसलो असतो?" या तत्त्वज्ञानावर मी शाळेत भाषण केलं, पण खाण्याचा भाग गाळून.

भांडण मात्र ते कधी करत नसत. एकदा बाहेरगावचे दोघे जण ब्लिचिंग पावडरची पुडी घेऊन डोहावर आले. ही पावडर टाकली की मासे गुदमरून वर येतात, हातानं वेचता येतात. आता शिव्या ऐकायला मिळणार म्हणून मी मागं उभा. नाना त्यांच्याजवळ जाऊन बसले, तंबाखू पुढं केली आणि म्हणाले, "कुठले तुमी? कळंबच्या अंगाचे? त्या रस्त्याला आमची गाडी बंद पडली व्हती एकदा." मग त्यांनी ती गाडी सांगितली. कुठल्या थांब्यावर कोण चढलं, कुणाकडं सुटे नव्हते, कुठल्या बाईची कोंबडी सुटली, ड्रायव्हर काय म्हणाला, मग आपण काय म्हणालो, मग परत ड्रायव्हर काय म्हणाला. गाडी बंद पडायच्या अलीकडंच ऊन कललं. दोघांपैकी एक जण दोनदा उठला. नानांनी त्याचा हात धरून बसवला, "थांबा की, घाट तर येऊ द्या." शेवटी ते पुडीसकट गेले आणि पुन्हा त्या अंगाला दिसले नाहीत. नाना खरोखर हिरमुसले. "घाट राहिला," म्हणाले. तो मग मला ऐकावा लागला.

या सगळ्याला एक नियम होता आणि तो नानांनीच घालून दिलेला. पाडव्याला डोहाच्या काठी नारळ फुटायचा आणि ज्यांची ज्यांची शेतं ओढ्याला लागून, ते सगळे येडाई देवीची आण घ्यायचे, की आजपासून ओढा परत वाहीपर्यंत डोहात कुणी मोटर टाकणार नाही. टाकली तर त्यानं डोहातल्या गाळाची पाटी डोक्यावर घ्यायची आणि वेशीतून, सगळ्यांच्या देखत, मारुतीच्या पारापर्यंत चालत जायचं. नानांचा नोकरीपासूनचा सिद्धांत होता, की बिनतिकिटाचा माणूस वाईट नसतो, दंड न भरता उतरणारा वाईट. पाटी कुणालाच कधी घ्यावी लागली नव्हती. ढोकीच्या कारखान्याला ट्रॉल्या भरून ऊस घालणारा बागायतदार डोक्यावरून चिखल गळत गावातून चालला आहे, हे चित्र ज्याच्या त्याच्या डोळ्यापुढं असे आणि मोटरी घरी राहत.

सगळ्यात मोठी मोटर नानांच्या चुलतभावाची, बप्पांची. ऊसही सगळ्यात जास्त त्यांचाच. ते डोहाकडं शिंक्याकडं बघणाऱ्या मांजरासारखे बघत, पण आण घेत आणि पाळत.

अशा माणसाला सत्तरीला काय द्यावं? शाल त्यांच्याकडं होती. घड्याळ ते वापरत नसत, गाडीच्या वेळेवरून त्यांना वेळ कळे. नानींनी सांगितलं होतं की जन्म संक्रांतीच्या आसपासचा. त्याच दिवसांत शाळेची सहल नळदुर्गचा किल्ला बघायला गेली. जेवायला हायवेवरच्या एका धाब्यावर थांबलो, तर मागं सिमेंटच्या टाकीत जिवंत मासे. मला एकदम सुचलं. मी विचारलं, "मरळ आहे का?"

टाकीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर काय लिहिलं होतं कोण जाणे. म्हणाला, "मरळच हाय ही."

"हिला मिशा आहेत."

"मिशीवाली मरळ. भारी आसती."

मला पटलं. मरळीची भारी जात असेल आणि तिला मिशा असतील, यात मला काहीच वावगं वाटलं नाही. जो माणूस माशाला पापण्या काढतो त्याला मिशांचं काय? त्यानं वजनावर दिल्या, वर आवडीनं आणखी काही टाकल्या. डिस्टेंपरच्या मोठ्या डब्यात पाणी घालून, वर फडकं बांधून, पोरांच्या गोंधळात मी तो डबा गावापर्यंत आणला. एवढ्या हेलकाव्यात एकही मासा मेला नाही. हा मला शुभशकुन वाटला.

समारंभ मी डोहावरच ठेवला. नानांना शाल घातली, डब्याला झेंडूचा हार घातला, बोललो. निसर्ग, ऋण, सत्तर वर्षं, प्रवास, असं सगळं आलं त्यात. फोटोत चमक मारते म्हणून नानांना चष्मा काढायला लावला. मग फडकं सोडलं आणि डबा तिरपा केला. काळंभोर काहीतरी सळसळत पाण्यात उतरलं. नानांनी डोळे बारीक करून विचारलं, "काय हाय ते?"

"मरळ!"

नानांच्या हातातला चिमटा टक टक वाजायचा थांबला. यावेळी रागानं नाही. ते डोळे पुसत म्हणाले, "डेपोत नव्या गाड्या घातल्या, सर." तो फोटो मी मोठा करून, काचेत बसवून त्यांच्या ओसरीवर टांगला.

पाडवा झाला, नारळ फुटला, सगळ्यांनी आण घेतली. पाणी उतरत चाललं. नाना दुपारभर डोहावर बसत आणि घरी येऊन गप्प राहत. झिंगे दिसत नव्हते. बारकी पांढरी मासोळी, जी उन्हात चमकत काठाला फिरायची, तीही दिसेना. एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. आम्ही काठावर उकिडवे बसलो. पाण्यावर गटकन आवाज झाला, एक रुंद तोंड वर आलं, चारी बाजूंना मिशा, आणि हवा गिळून खाली गेलं.

नानांनी शांतपणे विचारलं, "सर, हे तुमच्या वळखीचं हाय का?"

मी म्हटलं, "मरळ आहे ना."

"मांगूर हाय."

नानांचा पुढचा प्रश्न कंडक्टरचा होता. "किती चढवले?"

"चांगला डबाभर होते."

"डबाभर म्हंजी किती? मोजले न्हाईत?"

ज्या माणसानं उभ्या आयुष्यात गाडी न मोजता घंटी दिली नाही, त्याच्यापुढं 'नाही' म्हणायचा मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "अकरा." भेट अकराचीच असते. पाच किंवा एकवीसही असते, पण डब्याच्या मानानं अकरा बरोबर वाटले.

गळ टाकून पाहिला. दोन मांगूर लागले, पण दोन मरळीही लागल्या, आणि त्या नानांनी जिवापाड जपत हळुवार सोडवून परत सोडल्या. जाळं खडकाला अडकून फाटलं. उरलेले मांगूर गाळात शिरून बसले. पाणी दिवसेंदिवस कमी, म्हणजे खाणाऱ्याला शोधायचे कष्टही कमी. ओढा वाहीपर्यंत डोहात मांगुराशिवाय काही उरणार नाही, हे मलाही दिसत होतं. उपाय एकच होता. डोह उपसायचा. आणि तो उपसायचा तर आण मोडून, मोटर टाकून. मोटर टाकणार कोण, तर नाना.

नाना बप्पांच्या घरी गेले. मी मागं मागं. बप्पा बशीतून चहा पीत होते.

"बप्पा, मोटर पायजे."

"कुनाला?"

"मला."

"टाकायची कुठं?"

"डोहात."

बप्पांनी बशी खाली ठेवली. "नाना, ऊन लागलं का काय तुला?"

"ह्या सरांनी सत्तरीची भेट दिली ना, तिचं निस्तरायचंय."

बप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होतो. "पानी माझ्या उसाला जाईल," बप्पा म्हणाले.

"ने."

"आन् उद्या गाव म्हनंल, नानानंच आन मोडली. मग मीच का थांबू? सगळेच टाकत्याल मोटरी. परत भरशील डोह, तर तो बी उपसून नेत्याल. मग?"

"मग बघू."

"बघू काय बघू! तुझी सारी उमर त्या डबक्यावर गेली."

"डबकं म्हनू नगं," नाना म्हणाले, आणि बप्पांनी पुन्हा म्हटलं नाही.

उजाडताच काम सुरू झालं. आधी डोहातले आपले मासे काढून नानांच्या विहिरीत सोडायचे. नानींनी गल्लीतल्या बायका घागरी घेऊन उभ्या केल्या होत्या. नानी माळकरी असल्या तरी घागरीतली मरळ त्यांनी पदराआडून बाळ न्यावं तशी नेली, आणि परत येऊन मला म्हणाल्या, "सर, त्या धाब्यावरनं माझ्यासाठी काय आनलं न्हाईत ते बरं केलं." मोटर चालली तसं पाणी उतरलं, पाणी उतरलं तसे मासे हाताला लागू लागले. मरळी निघाल्या, सापासारखी लांब वाम निघाली, थोडी बारकी मासोळी. जेवढं असायला हवं होतं त्याच्या मानानं फार थोडं. मी विचारलं, मरळही मासे खातेच की. नाना घागर पुढं देत म्हणाले, "खाती. पर घरची हाय ती, मापात खाती."

आता नुसता चिखल उरला आणि मांगूर बाहेर येऊ लागले. तीन महिन्यांत मनगटाएवढे झाले होते. नाना एकेकाला चिमट्याची टक देत मोजत होते. गळाला लागलेले दोन धरून अकरा झाले. त्यांनी हात वर केला, बप्पांनी मोटर बंद केली, बायकांनी पदरानं तोंडं पुसली. मी सुटकेचा श्वास घेतला आणि माझ्या पायाखाली चिखल हलला.

नानांनी तो मासा बाहेर काढला. त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "सर, हा कुनाच्या मांडीवर बसून आला?"

मला सांगावं लागलं की अकरा हा आकडा माझ्या मनाचा आहे. बप्पा काठावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. नाना हसले नाहीत. आकडा नाही म्हणजे सगळा गाळ हातानं चाळणं आलं, आणि तो आम्ही चाळला. मी कमरेइतक्या चिखलात होतो. विद्यार्थ्यांचे पालक येऊन बघून जात होते. उन्हं कलेपर्यंत शोध चालला आणि एकूण किती निघाले ते मी कुणाला सांगत नाही. लांब खड्डा घेऊन ते पुरले. वर नानांनी धोंडा ठेवला. मांगूर ओल्या जमिनीवरून सरपटत जातो हे त्यांनी ऐकलं होतं, मेलेल्याबद्दलही त्यांची खात्री नव्हती.

मग नानांनी विहिरीवरची मोटर चालू केली आणि पाइप डोहात सोडला. विहिरीचं पाणी म्हणजे त्यांच्या उसाच्या खोडव्याचं पाणी. डोहाला रोज थोडं थोडं, विहिरीतल्या माशांपुरतं तळाला राखून. उसाला काही नाही. खोडवा पिवळा पडला, मग वाळला. तो त्यांनी चाऱ्याला काढून दिला. त्याबद्दल ते कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही. नानी बोलल्या, पण त्या मला बोलल्या.

डोहात गुडघाभर पाणी झालं, विहिरीतले मासे परत आणून सोडले, त्याच्या दुसऱ्या सकाळी खालच्या अंगाचे दोघे शेतकरी ट्रॅक्टरवर मोटर टाकून डोहावर हजर. बप्पा म्हणाले होते तसंच झालं. त्यातला एक म्हणाला, "नाना, तुमीच मोडली आन. बप्पाच्या उसाला पानी, आन् आमचा ऊस काय चुलीत घालायचा?"

चूक नव्हतं त्याचं. नाना चिमटा न वाजवता उभे राहिले. मला वाटलं, आता ते गाडी बंद पडल्याची गोष्ट काढणार. त्यांनी काठावर पडलेली रिकामी पाटी घेतली. उपसून टाकलेला गाळ तिच्यात भरला, डोक्याला चुंबळ केली आणि मला म्हणाले, "हात लावा."

सत्तरीच्या माणसाच्या डोक्यावर मी चिखलाची पाटी दिली. ते गावाकडं चालू लागले. खाकी शर्टावर काळं पाणी ओघळत होतं. दोघे शेतकरी मागं मागं, "नाना, आवं नाना, ऱ्हाऊ द्या," म्हणत. नानांनी मान वळवली नाही. वेशीत बप्पांचं घर. बप्पा ओट्यावर होते. त्यांनी पाहिलं, एक शिवी हासडली, धोतर खोचलं आणि उलट डोहाकडं निघाले. "मोटर माझी व्हती," एवढंच म्हणाले. थोड्या वेळानं तेही पाटी घेऊन आले. ढोकीच्या कारखान्याच्या काट्यावर ज्यांच्या ट्रॉल्यांना आधी वाट मिळते ते बप्पा, कानावरून गाळ ओघळतोय, आणि पारावरची माणसं उठून उभी राहिली आहेत.

पाटी पाराजवळ रिकामी करून नानांनी त्या दोघांना विचारलं, "दंड भरला. आता आन हाय का न्हाय?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "हाय," त्यातला एक म्हणाला. मोटर ट्रॅक्टरवरच राहिली आणि ट्रॅक्टर परत गेला.

सगळं छान संपलं असं वाटून मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात बप्पा म्हणाले, "आन् ह्यो?"

"कोन?"

"ज्यानं मिशीवाल्या मरळी आनल्या त्यो."

मी पाटी घेतली. शाळा भरायची वेळ होती, पोरं वेशीतूनच येत होती. त्यांनी मला शिस्तीत दोन्ही बाजूंनी सोबत केली. पण नानांच्या मते माझा गुन्हा पाटीपुरता नव्हता. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि बायको पोरांना घेऊन माहेरी निघाली, मीही पिशवी भरली, तर नाना दारात. "तुमी कुठं? डेपोला वाचमन लागतोय." मी सुट्टीभर करंजीखाली बसलो. सकाळी मी, दुपारी मी आणि नाना, संध्याकाळी नाना. विहिरीचा पाइप चालू करायचा, बंद करायचा, म्हशी वरच्या अंगाला चढू द्यायच्या नाहीत. उरलेल्या वेळात मी मासे काढायचा सराव केला. नाना कागद बघत आणि बाजूला ठेवत. ओसरीवरचा फोटो त्यांनी काढला नव्हता. आल्यागेल्याला नानी तो दाखवत, आधी डबा, मग हार, मग मला.

मासे टिकतील की नाही हे शेवटपर्यंत कुणाला सांगता आलं नसतं. पाणी कधी घोटाभर व्हायचं, मग विहिरीला जरा झरे फुटले की मांडीभर. बारकी मासोळी कधी दिसे, कधी आठवडा आठवडा दिसत नसे. मरळ तर तळाशीच. नाना सारखे म्हणत, "हायेत. डबल बेल दिल्याबिगर गाडी सुटत न्हाय." पण म्हणताना माझ्याकडं बघत नसत.

श्रावणात ओढा नितळला होता. गढूळ पाणी येऊन गेलं, मागं स्वच्छ वाहतं राहिलं. नाना मला डोहाच्या वरच्या अंगाला घेऊन गेले, लव्हाळ्यांजवळ, आणि तोंडावर बोट ठेवलं. बप्पाही आधीच येऊन दगडावर बसले होते. पाण्यावर तांबडं कुंकू सांडून ढवळावं तसा एक पुंजका हलत होता. त्यात बोटाच्या पेराएवढी असंख्य पिल्लं, वर येत होती, खाली जात होती, आणि त्यांच्या खाली, हातभर लांब, सावलीसारखी स्थिर, मरळ. बिनमिशांची. पिल्लांकडं काही आलं की सावली थोडी पुढं सरकायची.

मी आयुष्यात इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. आणि काही देखणं दिसलं की मला भाषण येतं. मी म्हटलं, "नाना, शेवटी वाचवले आपण."

नाना पाण्यावरची नजर न काढता म्हणाले, "आपन न्हाय, सर. उन्हाळाभर तुमाला हितं डोळ्यापुढं बसवून ठिवलं, दुसऱ्या कुनाचं भलं करायला जाऊ दिलं न्हाय, म्हून वाचले."